चुनाळ्यातला चारा

माझ्या दुकानात हल्ली मुंबईहून सुट्टीला आलेली पोरं येतात आणि मोबाइलवर चित्र दाखवून विचारतात, "आजोबा, अशी डबी मिळेल का? आत चारा भरायचा, दोरीने तळाला सोडायची, तिथे झाकण उघडतं आणि चारा खाली पडतो." मी नाही म्हणतो. गळ आहेत, नायलॉनची दोरी आहे, शिशाचे गोळे आहेत. त्यांचा भाव करायचा असेल तर करा, मी संध्याकाळपर्यंत उभा राहीन. पण तसली डबी मी ठेवत नाही. मुलगा चिडतो, म्हणतो, गिऱ्हाईक दारातून परत घालवता. घालवतो. या दुकानातली एकेक फळी मी घासाघीस करून मिळवली आहे आणि दारात आलेलं गिऱ्हाईक सहसा सोडलेलं नाही. हे एक सोडतो.

आमचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर होतं. मध्ये फक्त माडांची एक रांग. घरात बाबा, आई आणि मी. धाकटी बहीण आजोळी वाढत होती. पहाटे आई उकड्या तांदळाची पेज चुलीवर चढवायची, तिचा रटरट आवाज आणि बाबांच्या चुनाळ्याचा आवाज, या दोन आवाजांनी मला जाग यायची. बाबांचं चुनाळं पितळेचं होतं, लांबट, जाड पत्र्याचं, बिजागरीचं झाकण असलेलं. ते उघडताना टक् असा आवाज व्हायचा. टक् झालं की बाबा बोटाने चुना काढणार, पानाला लावणार, पान दाढेखाली गेलं की पायरीवरून उठणार आणि मग दिवस सुरू होणार. घरात शेत थोडं, माड थोडे, बोलणं त्याहून थोडं. पण गावात बाबांना मान होता, कारण देवाचं तरंग आमच्या घरातला माणूस धरायचा. तरंग म्हणजे उंच खांब, वर देवाचा मुखवटा, खाली लुगड्यांच्या निऱ्या. दसऱ्याला ते खांद्याला लावून बाबा उभे राहिले की त्यांचं ते किडकिडीत अंग असं थरारायचं की मला त्यांच्याकडे बघवत नसे. माझ्या बापाच्या अंगात देव येतो, ही गोष्ट मी शाळेत भांडणात पुष्कळदा वापरली होती.

देवळाच्या पायऱ्यांखाली नदीला खोल कोंड होती, डोहासारखी. ती आमच्या ग्रामदेवाची, रवळनाथाची. तिच्यात मांडीएवढे खवळे मासे होते. त्यांना कोणी हात लावत नसे, त्या पाण्यात कोणी धुणंसुद्धा धूत नसे. पायरीवरून मूठभर तांदूळ टाकले की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. कोंडीच्या वरच्या तोंडाशी काळ्या दगडांचं खडप नदीत आडवं गेलं होतं. तीच हद्द. खडपाच्या खाली देवाचं पाणी, खडपाच्या वर गावाचं. वरच्या पाण्यात गळ टाका, जाळं टाका, कोणी विचारत नसे. पण तिथे मिळायचं काय, तर बोटभर मासे.

मी शाळा सोडली होती, मिसरूड फुटलं होतं आणि हाताला धंदा नव्हता. डोक्यात मात्र सदा हिशेब. खाडीकडचे लोक टोपल्या भरून मासळी आणतात, आमच्या अंगणात विकतात, आणि आमच्या नाकासमोर नदी वाहते, याचा मला राग यायचा. एके दिवशी खडपावर बसलो होतो. हातातली भाकरी पाण्यात पडली, खडपावरून वाहत कोंडीत गेली आणि खाली एकदम खळबळ झाली. तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. चारा वरून फेकला तर वाहत कोंडीतच जाणार, मासे घरबसल्या जेवणार, ते वर कशाला येतील? पण तोच चारा खडपाच्या वर, थेट तळाला, धोंड्यांच्या आडोशाला नेऊन ठेवला, तर चारा तिथेच राहील आणि वास तेवढा खाली जाईल. मग मासे वासामागे वर येतील. आपणहून. हद्द ओलांडून. आणि हद्द ओलांडलेला मासा गावाचा. देवाशीसुद्धा मी हद्दीच्या दगडावरून सौदा करत होतो, आणि सौदा मला चोख वाटत होता.

चारा नेणारी डबी तेवढी हवी होती. पहिली केली करवंटीची, वर दुसऱ्या करवंटीचं झाकण. ती पाण्यात हेलकावत राहिली आणि अर्ध्यावरच उघडली. मग तपकिरीचा पत्र्याचा डबा घेतला. तो बुडाला, पण गंजून असा बसला की दगडाने फोडावा लागला. मग सावंतवाडीला गेलो. तिथे लाकडी खेळणी करणारे चितारी कातलेल्या, लाखेने रंगवलेल्या डब्या करत. आईची आमसुलं पिशवीत होती. एका म्हाताऱ्याशी असा घोळ घातला की शेवटी तो म्हणाला, "बाबा रे, डबी घे, आमसुलां ठेव आणि उठ. माझ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाक जागा दी." मी विजयी होऊन घरी आलो. डबी पाण्यात गेली आणि फुगली. झाकण असं बसलं की पुढे ती आईने मोहरी ठेवायला घेतली, तीसुद्धा वाळल्यावर.

तेव्हा कळलं की डबी धातूचीच हवी, जड हवी आणि बिजागरीची हवी. कसालच्या बाजारात जुन्या भांड्यांच्या एका दुकानदाराकडे अगदी तसं चुनाळं होतं. त्याला बदल्यात काजूगर हवे होते. मी देतो म्हटलं त्याहून थोडे जास्त. थोडेच. पण तो हसला. म्हणाला, "चुनो खावचो नाय आणि चुनाळां कित्याक रे तुका?" त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी चुनाळं त्याच्या अंगावर टाकलं आणि निघालो. तो मागून हाका मारत होता, "अरे घे, घे, तुझ्या मापान घे!" मी वळून पाहिलं नाही. आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो की सौद्यातून उठून जायची हिंमत पाहिजे. कसालचा तो बाजार मात्र त्यांना कधी सांगितला नाही. त्या दिवशी परत वळलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं.

घरी आलो तर बाबा पायरीवर पान लावत होते. टक्. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो.

"काय बघतंस?" बाबा म्हणाले.

"बाबा, ह्यां माका द्या. तुमका बाजारातसून दुसरां हाडून देतंय."

त्यांनी चुनाळं हातात फिरवलं. ते त्यांच्या वडिलांचं होतं. "कित्याक?"

मी सगळं सांगितलं नाही. चारा तळाला सोडायचा, मोठा मासा येईल, एवढं सांगितलं.

"खंय सोडतलंस?"

"खडपाच्या वर."

"वर म्हणजे वरच मां?"

"वरच, बाबा. एक हात खाली नाय."

"मगे घे," ते म्हणाले आणि हसले. "तू माझ्याकडसून ह्यां फुकट नेलंस. कसालचो दुकानदार सुटलो रे बाबा!" आतला चुना त्यांनी माझ्या त्या पहिल्या, फसलेल्या करवंटीत काढून घेतला. करवंटीत चुना सुकायचा. मग ते पान लावताना दर वेळी पाण्याचा थेंब टाकून तो कालवत बसायचे. आवाज गेला. सकाळी फक्त पेजेचा रटरट.

चुनाळं मी उलटं केलं आणि कडेने शिसं बांधलं. मुख्य दोरी बुडाला, झाकण खालच्या अंगाला, झाकणाला खिळीची कडी आणि कडीला बारीक दोरी. तळाला टेकलं की बारीक दोरीला हिसका द्यायचा. खीळ सुटायची, झाकण उघडायचं, चारा धोंड्यांत पडायचा. बिजागरी पाण्यात अडू नये म्हणून रोज खोबरेल घालायचो. चारा म्हणजे तांदळाच्या कण्या आणि नारळाची पेंड. पेंड तात्या गावकरांच्या घाण्यावरची. तात्या गावातले पहिले मानकरी. देवळात गाऱ्हाणं तेच घालायचे. त्यांना मी म्हटलं, पेंड द्या, मासे देतो. त्यांनी एवढंच विचारलं, "मोठे?"

पहिले काही दिवस काही नाही. मग एका सकाळी गळ असा ओढला गेला की मी खडपावर आपटलो. गुडघा फुटला. पण मासा आला, लाल शेपटीचा, अंगणात ठेवल्यावर मांजरसुद्धा लांबून बघत बसलं. अर्धा तात्यांकडे गेला, अर्धा आईने तिरफळं घालून केला. तिखट रस, गरम भात, वर सोलकढी. बाबा दोनदा भात मागून घेऊन जेवले. आई मात्र पेज आणि लोणचं घेऊन बसली.

"तू घे गो आये," मी म्हटलं.

"माका नको आज."

दुसऱ्या वेळी मासा आला, तेव्हाही तिला नको होता. तिसऱ्या वेळी तिने खवलं काढता काढता विचारलं, "झिला, गावच्या पाण्यात एवढो मासो कधी होतो रे?" मी म्हटलं, "कोणी धरलो नाय म्हणान दिसलो नाय." तिने मासा खाली ठेवला. हात धुतले, ते जरा जास्तच वेळ धुतले. मला तेव्हा तिचा राग आला होता. कष्ट मी करायचे, आणि ताटावर बसून तोंड वेंगाडायचं हिने.

तात्यांकडे कुणकेश्वरचे व्याही आले तेव्हा त्यांनी मुद्दाम माणूस पाठवला, दोन मोठे हवेत म्हणून. मी नेऊन दिले. तात्यांनी ओटीवर उभं राहून ते हाताने तोलले. व्याह्यांना म्हणाले, "आमच्या नदयेचो मासो. खावन बघा." मासा नदीच्या कुठल्या बाजूचा, हे त्यांनी विचारलं नाही. मासा हातात घेऊन आयुष्य गेलेला माणूस, त्याला कळत नव्हतं असं मी आजही मानत नाही. पेंडीची मोठी पाटी मला परत मिळाली. आता मला चारा कमी पडणार नव्हता. मी रोज चुनाळं सोडत राहिलो आणि मोठे मासे वर येत राहिले.

शिवरात्र जवळ आली. त्या साली आमचा देव पुष्कळ वर्षांनी कुणकेश्वरला समुद्रस्नानाला निघणार होता. सगळा गाव पायी, ढोल-ताशा, निशाणं, आणि पुढे तरंग. बाबांनी ते वाहायचं. ते महिनाभर आधीपासून त्यासाठी जगत होते. नारळ उतरवायला माडावर चढले नाहीत, पाय मोडेल म्हणून. आई त्यांच्या टाचांच्या भेगांना रोज तेल चोळायची. एवढा बोलका मी त्यांना कधी पाहिला नव्हता. "समुद्रात देव भिजता मां, तेव्हा तरंग फुलासारखा हलका होता," ते सांगायचे. ते त्यांनीही त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं होतं. त्यांच्या हयातीत देव निघत होता तो पहिल्यांदाच.

निघायच्या सकाळी रीतीप्रमाणे सगळे कोंडीच्या पायऱ्यांवर जमले. देव गावाबाहेर पडताना आधी कोंडीतल्या माशांना जेवण घालायचं, मग गाऱ्हाणं, मग पाऊल. ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. बाबा आंघोळ करून ओल्या पंचाने उभे. शेजारी तरंगाला नवी लुगडी नेसवलेली. तात्यांनी ताटातले तांदूळ ओंजळीत घेऊन पाण्यात टाकले.

तांदूळ पाण्यावर पांढरे पसरले आणि तसेच राहिले.

तात्यांनी दुसरी ओंजळ टाकली. बोटभर चार मासे आले, टोचून गेले. मग एका बाजूने दाणे हळूहळू बुडायला लागले. एकेक दाणा खाली जाताना दिसत होता. ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला.

"खंय गेले रे?" कोणीतरी म्हणालं.

"कोंड रिकामी!"

"रिकामी कशी नसात? ह्येचो झील बसता मां रोज थंय खडपार, दोरयो घेवन!"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी तयार होतो. अशा वेळी माझी जीभ कधी अडली नाही. मी पुढे झालो. "खडपार बसतंय. लपान नाय बसणंय. खडपाच्या वरचा पाणी कोणाचा? गावाचा. हद्द कोणी घातली? तुमच्याच आज्या-पणज्यांनी. माझो गळ हद्दीच्या खाली कोणी बघल्यान काय? बघल्यान आसात तर पुढे येवा!" कोणी पुढे आलं नाही. कारण कोणी पाहिलं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. एक म्हातारा मान हलवून म्हणाला, "तसो कायदेशीर बोलता हा तो." मी जिंकत होतो. अंगात कसं गरम वाटत होतं ते आजही आठवतं.

तात्या माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मासो म्हणजे पाण्यातला जनावर. तेका हद्द काय समाजता? आपणच गेले आसतले वर. देवाची इच्छा. काय रे, आपणच गेले मां?"

हा प्रश्न मला नव्हता. बाबांना होता. तरंग धरणाऱ्याने होय म्हटलं की विषय मिटणार, नारळ फुटणार, सगळे निघणार. ढोलवाल्याने ढोल परत गळ्यात घातलासुद्धा.

बाबांनी आधी पाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रागाने नाही. मी चोरून पेरू आणला आणि त्यांना अर्धा दिला, आणि त्यांनी खाल्ल्यावर त्यांना कळलं, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं.

"आपणच नाय गेले," बाबा म्हणाले. "हाडले."

ढोलवाल्याने ढोल पुन्हा खाली ठेवला.

"माझ्या चुनाळ्यान हाडले. मियांच दिलंय. जेवलंय पण मियां." मग ते तरंगापासून दोन पावलं मागे सरले. "आज माझे हात लागूचे नाय हेका."

मी ओरडलो. "बाबा! आणि हेंनी? हेंच्या ओटयेर व्याह्यांका—"

"गप!" बाबांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग एकदम खाली आणून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "आपल्या हातचा जेवलेल्याचा नाव घेवचा नसता."

तात्या नारळ हातात घेऊन खाली बघत उभे होते. मग त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांकडसून काय वाकडा-तिकडा घडला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा..." आणि सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" तात्यांच्या चुलतभावाच्या खांद्याला तरंग लागलं. एका वर्षापुरतं, असं सगळे म्हणाले. ते आजतागायत त्यांच्याच घरात आहे. यावर मी पुढे किती भांडलो, किती बैठका उठवल्या, ते या प्रकरणात लिहीत नाही. लिहिलं तर हे प्रकरण त्यांचं होईल. पेंड त्यांची, मासा त्यांच्या ताटात, आणि मान गेला आमचा. हा हिशेब मी कधीच मान्य केलेला नाही, पुढेही करणार नाही. पण मी तो देवळात मांडायला उभा राहतो तेव्हा मला ओल्या पंचाने मागे सरलेली ती दोन पावलं दिसतात आणि माझी जीभ, जी कोणापुढे अडत नाही, ती तिथे अडते.

मला वाटलं होतं बाबा घरी बसतील. ते घरी आले, कोरडं धोतर नेसले आणि माझ्यापुढे हात केला. "चुनाळां दी." मी दोऱ्या कापून, शिसं काढून दिलं. त्यांनी ते चिंचेने आणि राखेने घासलं. नाकाला लावून बघितलं. परत घासलं. करवंटीतला सुकलेला चुना कालवून आत भरला आणि गावामागून चालू लागले. मी त्यांच्या मागे. वाटेत कोणी आमच्याशी वाईट बोललं नाही. उलट पाणी विचारलं, चहा विचारला. ते जास्त लागत होतं. मुक्कामाला बाबा कडेला बसत. कोणी पान काढलं की चुनाळं पुढे करत. टक्. मी दर वेळी दुसरीकडे बघायचो.

कुणकेश्वरला पोहोचलो तेव्हा किनाऱ्याच्या पुळणीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कितीतरी गावांचे देव पाण्यात उतरत होते. आमचं तरंग लाटांत गेलं, त्याबरोबर सगळा गाव गेला. बाबा ओल्या रेतीच्या अलीकडे, कोरड्या रेतीत बसून राहिले. चुलतभावाच्या खांद्यावर तरंग लाटेबरोबर वर आलं, निऱ्या भिजून चिकटल्या. बाबांनी मान उंचावून नीट बघितलं. हलकं होतं का, तेच बघत असावेत.

तेवढ्यात तात्या पाण्यातून वर आले. धोतर पिळत आमच्यापाशी थांबले. कुठे बसावं ते त्यांना कळत नव्हतं. मग बाबांच्या शेजारीच बसले. रेतीत ठेवलेल्या आपल्या पिशवीतून पान काढून म्हणाले, "चुनो आसा काय रे?"

टक्. बाबांनी चुनाळं पुढे केलं. तात्यांनी बोटाने चुना घेतला, पानाला लावला. मग झाकण स्वतःच्या अंगठ्याने एकदा मिटून परत उघडून बघितलं.

"बरां उघडता ह्यां," ते म्हणाले.

"होय," बाबा समुद्राकडे बघत म्हणाले. "झिलान तेल घातलेला."